थांबणाऱ्यांची खोली

बायको गेली त्या दिवशी मी ज्या जागी थांबलो होतो, त्याच जागेसाठी ती एक खोली करत होती. यात कुणाचा हात नाही. गावात मोठं हॉस्पिटल एकच, त्यामुळे काम तिथलं आलं आणि ती गेलीही तिथेच.

त्या हॉस्पिटलात शवागाराबाहेर नातेवाइकांना थांबायला जागा नव्हती. धुण्याच्या विभागाकडे जाणाऱ्या बोळात लोक उभे राहायचे. मधूनच चादरींची ढकलगाडी यायची, तेव्हा भिंतीला चिकटावं लागायचं. आतले कागद पुरे होऊन आपलं माणूस ताब्यात मिळेपर्यंत तिथेच. मीही तिथेच होतो, माझा मेव्हणा बरोबर होता. गाडी ढकलणारा म्हणाला, "जरा सरका," आणि आम्ही सरकलो.

ती आर्किटेक्टच्या ऑफिसात मॉडेलं करायची. पुठ्ठ्याची शाळा, पुठ्ठ्याची बँक, पुठ्ठ्याचे बंगले. खरी इमारत उभी राहण्याआधी ती टेबलावर मावेल एवढी करून बघायची, हे तिचं काम. आखणारे वेगळे, बांधणारे वेगळे, ही मधली. मेव्हणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, काचेच्या आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. तो म्हणायचा, "ताईचं बरं आहे. एवढ्या इमारती बांधते, पण एकीचाही संडास तुंबत नाही."

ती म्हणायची, "आणि माझ्या खिडक्या तुझ्यापेक्षा जास्त टिकतात. कुणी उघडतच नाही ना त्या."

मी कारखान्याची बस चालवतो. कामगारांना नेतो, आणतो. छत गळू नये आणि दार नीट लागावं, याच्या पलीकडे मला घरातलं काही कळत नाही. तिच्या मॉडेलांवरून बऱ्याच इमारती झाल्या. रस्त्यात एखादी लागली की ती खिडकीतून दाखवायची, "ती बघा, तिचा जिना मी तीनदा कापला होता." पण तिची अशी एकही नव्हती. मग एक दिवस ऑफिसच्या मुख्य बाईंनी तिला सांगितलं, "ही खोली लहान आहे. आखणंही तूच कर." ती घरी आली आणि पर्स खांद्यावरून न काढताच म्हणाली, "अहो, मला खोली मिळाली."

मला वाटलं ऑफिसात वेगळी केबिन दिली. मी विचारलं, "पंखा आहे का?"

ती हसत सुटली. "पंखा कसला! अजून छतसुद्धा नाही."

जागा अडचणीची होती. डाव्या भिंतीपलीकडे शवागाराची थंड खोली, मागे जिना, उजवीकडे धुण्याचा विभाग, पुढे दार आणि तो बोळ. बाहेरचा उजेड घ्यायचा तर फक्त वरून. हॉस्पिटलच्या इंजिनियरने चार भिंती, फरशी आणि ट्यूबलाइट असा आराखडा काढून ठेवलाच होता. बाईंनी कमिटीला सांगून थोडी मुदत मागून घेतली होती. त्या मुदतीत आमच्या घरातली एक एक जागा मॉडेलांनी भरून गेली. आधी टेबल, मग खिडकीचा कट्टा, मग फ्रिजचा माथा.

सगळ्यांत खोली तीच. मागच्या भिंतीला लागून एक बाक, वर छतात झरोका. एकात भिंती करड्या पुठ्ठ्याच्या, एकात पांढऱ्या कागदाच्या, एकात पातळ लाकडाच्या, एकात प्लास्टरच्या. एकात तिने आतून मेण लावलं होतं. कधी छत तिरकं करायची, कधी झरोका कोपऱ्यात सरकवायची, कधी मागच्या भिंतीला पोट काढायची. प्रत्येक खोक्याला पुढच्या बाजूने डोळा लावायला एक भोक. ती खोकं कट्ट्यावर ठेवायची, माझ्या डोक्यावर शाल टाकायची, म्हणजे आजूबाजूचं दिसू नये, आणि म्हणायची, "जा आत."

मी भोकाला डोळा लावायचो.

"काय दिसतं?"

"उजेड येतोय."

"येतोय ते कुणालाही कळतं. बसलाय कुठे ते सांगा."

हा तिचा शब्द होता. धंदा बसतो, आवाज बसतो, पावसाने भिंत बसते, गाडीचं इंजिन बसतं. बसणं म्हटलं की मला काहीतरी बिघडल्यासारखंच वाटायचं. ती म्हणायची, "तुम्ही सगळ्याचं गॅरेज करता. पाहुणा बसतो की नाही? पाखरू बसतं की नाही? तसा."

हळूहळू मला थोडं दिसायला लागलं. पांढरा कागद उजेडाला दारातूनच परत पाठवतो, आत घेत नाही. सगळीकडे भगभगीत होतं. प्लास्टर पिऊन टाकतं. लाकडात उजेड ऊबदार होतो, पण लवकर संपतो, खाली अंधारच राहतो. मेण उजेड धरून ठेवतं, पण मेणाची खोली कोण बांधणार? मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "मेणाची नाही हो बांधायची. मेण काय करतं ते कळलं, की तसं करणारा दगड शोधायचा."

तिला काय पाहिजे ते एकच होतं आणि ते तिने मला समजेल असं सांगितलं होतं. "तिथे बसलेला माणूस मान खाली घालून बसतो. वर बघतच नाही. मग वरून आलेला उजेड त्याच्या काय कामाचा? तो खाली आला पाहिजे. मांडीवर हात असतात ना, तिथपर्यंत. डोळ्यात नाही जायचा, आणि दिवा लावल्यासारखा नाही दिसायचा. दिवा काय, बोळातही आहे."

मग ती आजारी पडली. ऑफिस सुटलं, खोकी सुटली नाहीत. बाईंनी पुठ्ठे घरी पाठवून दिले. मी टेबल पलंगाजवळ सरकवलं. कटर धरवेनासा झाला तेव्हा ती पेन्सिलीने रेघ मारून द्यायची आणि मी कापायचो. माझा काप वाकडा गेला की म्हणायची, "गाडी डावीकडे खेचतेय." पण चिकटवायची स्वतःच. सांध्यावरून बोट फिरवून बघायची, कुठे उजेड चोरून आत येतोय का. सांधा पक्का नसेल तर आतलं जे दिसतं ते खोटं, असं ती म्हणायची.

शेवटचं खोकं तिने तसंच केलं. करड्या पुठ्ठ्याचं, आतून राखाडी रंगाचा हात, छत मागे उतरत जाणारं. मी ते तिच्या तोंडासमोर धरलं. तिने बराच वेळ डोळा लावला.

"झालं?" मी विचारलं.

"नाही होत."

"थोडं तरी?"

"थोडं होऊन काय करायचंय," ती म्हणाली आणि कूस बदलली.

ते खोकं मी कट्ट्यावर ठेवलं. त्यानंतर हॉस्पिटल, आणि मग तो बोळ.

घरी परतल्यावर मी कशाला हात लावला नाही. मेव्हण्याची बायको येऊन म्हणाली, "भाऊजी, निदान धूळ तरी झाडते." मी म्हटलं, राहू दे. कट्ट्यावरच्या खोक्यावर सकाळी ऊन यायचं, दुपारी जायचं. मी सकाळची पाळी करून यायचो, जेवायचो, झोपायचो. बसमधले कामगार सुरुवातीला आवाज न करता बसायचे. मग त्यांचं पूर्ववत झालं. ते बरंच झालं.

हिवाळा संपता संपता बाईंचा फोन आला. "कमिटीने मुदत संपवली आहे. पुढच्या आठवड्यात आपली मॉडेलं नाही दाखवली तर इंजिनियरची खोली मंजूर होईल. तिने शेवटचं जे केलं असेल ते घेऊन याल का?"

मी म्हटलं, "तिला ते पसंत नव्हतं."

"तरी आणा. नाहीतर काहीच उरणार नाही."

खोकं उचलण्याआधी मी त्याला डोळा लावला. कशासाठी, सांगता येत नाही. शाल घेतली नव्हती, डोक्याभोवती हातच धरले होते.

उजेड बाकावर होता. मागच्या भिंतीला घासत आलेला, खाली, बाकाच्या बैठकीच्या जरा वर, डावीकडे जास्त आणि उजवीकडे विरत गेलेला. माणूस बसला असता तर बरोबर त्याच्या हातांवर पडला असता. वरचं छत अंधारात होतं आणि उजेड कुठून आला ते कळत नव्हतं. मी डोळा काढला, कट्ट्याकडे बघितलं, पुन्हा लावला. तो तिथेच होता.

मी पलंगावर जाऊन बसलो. ती गेल्यानंतर मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. तिला जमलं होतं आणि तिला कळलं नव्हतं, असं मला वाटलं. तेव्हा तिची नजर थकली असेल, सकाळची वेळ नसेल, काहीतरी असेल.

बाईंनी ऑफिसात खोक्याला डोळा लावला. त्या तिला "मॉडेलवाली" म्हणायच्या. म्हणाल्या, "आमची मॉडेलवाली सगळ्यांच्या पुढे गेली की हो."

कमिटीत हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर होते, इंजिनियर होता, आणखी तिघे होते. बाईंनी टेबलावर खोकं ठेवलं आणि सूर्याच्या जागी टेबललॅम्प धरला. एकेकाने येऊन बघितलं. इंजिनियर म्हणाला, "छान आहे, पण आहे तर खोकंच." मोठे डॉक्टर वाकले ते लवकर उठले नाहीत. मागचा माणूस खाकरला तरी उठले नाहीत. उठल्यावर म्हणाले, "मी रोज त्या लोकांच्या समोरून जातो. हे करा." बस, एवढंच. मंजूर झालं.

त्या संध्याकाळी मेव्हणा पेढे घेऊन आला, दारातच थबकला, आणि पिशवी परत पाठीमागे धरली. "आणायला नको होते का हो?" मी म्हटलं, "दे." आम्ही एकेक खाल्ला. झरोक्याची चौकट त्यानेच करायची असं ठरलं. म्हणाला, "ताईच्या खोलीची खिडकी माझी. आता उघडून दाखव म्हणावं."

मला एक खोली हवी होती. बोट दाखवून म्हणता येईल, ही तिची. लोक त्यात येतील, बसतील, जातील, त्यांना नाव माहीत नसलं तरी चालेल. बस चालवताना मी तेवढाच विचार करायचो.

मग खोली होईना. बाईंच्या ऑफिसने मापं घेतली, ड्रॉइंग काढली, आणि पक्कं करायला एक मोठं मॉडेल केलं, माणूस खांद्यापर्यंत आत शिरेल एवढं. त्यात उजेड बाकावर आला नाही. छतावर राहिला. त्यांनी राखाडी रंग बदलून बघितला, छताचा उतार वाढवला, झरोका मागे नेला. मेव्हण्याने त्याच्या दुकानात खऱ्या मापाची चौकट करून उन्हात टांगली आणि खाली पडदे लावून बघितलं. तिथेही नाही. लहान खोक्यात मात्र तो रोज होता.

बाईंनी मला बोलावलं. "तिने आत काही वेगळं लावलं होतं का? आठवून सांगा."

"मीच तर कापलंय सगळं," मी म्हटलं. "करडा पुठ्ठा आणि रंग. दुसरं काही नाही."

मेव्हणा चौकटीच्या मापासाठी आलेलाच होता. बाई बराच वेळ खोक्याभोवती फिरल्या. मग ड्रॉवरमधून काळी चिकटपट्टी काढली. "मला एक शंका आहे," त्या म्हणाल्या, "आणि ती खोटी ठरली तर मला फार बरं वाटेल. तुम्ही आत बघत राहा."

मी डोळा लावला. त्या बाहेरून एकेका सांध्यावर पट्टी लावत गेल्या. छताच्या कडेला लावली. "आहे?"

"आहे."

उजव्या कोपऱ्यावर. "आहे?"

"आहे."

मेव्हणा म्हणाला, "बाई, आमच्याकडे गळती अशीच शोधतात."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी डाव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यावर पट्टी लावली.

बाक गेलं. भिंत गेली. छताखाली थोडा धूसर उजेड राहिला आणि खाली काही उरलं नाही.

"आहे का?" बाईंनी विचारलं. "गेला," मी म्हटलं. त्यांनी पट्टी काढली. तो परत आला.

डावी भिंत मागच्या भिंतीला जिथे चिकटवली होती, तिथे खालच्या अर्ध्या भागात फट पडली होती. नखसुद्धा जाणार नाही अशी. कट्ट्यावर रोजच्या उन्हाने पुठ्ठा वाळला, जरासा मुरडला आणि सांधा सुटला. तिने बोट फिरवून बघितलं तेव्हा तो मिटलेला होता. ती म्हणाली होती नाही होत, तेव्हा खरंच होत नव्हतं. तिची नजर थकलेली नव्हती. जे आम्ही सगळे वाकून वाकून बघत होतो ते तिने केलेलंच नव्हतं. ते कुणीच केलेलं नव्हतं.

मेव्हणा म्हणाला, "मग त्यात काय? खऱ्या भिंतीलाही फट ठेवू. मी काच बसवून देतो."

बाईंनी ड्रॉइंग त्याच्यासमोर सरकवलं. त्याने डाव्या भिंतीवर बोट ठेवलं, पलीकडे काय लिहिलंय ते वाचलं आणि बोट उचललं. तिकडे शवागार. खिडकी नसलेली, दार सतत बंद असलेली थंड खोली. तिकडून कसला उजेड यायचा.

चहा आला. कुणी घेतला नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, "एक करता येईल. त्या कोपऱ्यात भिंतीत खाच घेऊन एलईडीची पट्टी बसवायची. सौम्य. कमिटीने जे बघितलं तसंच दिसेल. तसं नाही केलं तर मला त्यांना सांगावं लागेल की मॉडेल चुकलंय. मग इंजिनियरची खोली होईल. मी हे तुमच्यावर सोडते."

"तिला दिवा नको होता," मी म्हटलं.

"मला माहीत आहे."

खाली रस्त्यावर आल्यावर मेव्हण्याने माझा दंड धरला. "भाऊजी, हो म्हणा. उतरतं छत तिचं आहे, झरोका तिचा आहे, बाक तिचं आहे. एका पट्टीने काय होतंय? बाहेर तिच्या नावाची पाटी लागेल. नाही म्हणालात तर काय लागणार आहे? घंटा!"

"ती हो म्हणाली असती?"

"ती असती तर प्रश्नच नव्हता. ती नाहीये. तुम्ही आहात आणि मी आहे." त्याचे डोळे भरले होते आणि तो चिडलेला होता. "लहानपणापासून लोकांच्याच इमारती चिकटवल्या तिने. एकीवर तरी नाव येऊ द्या की."

मी बाईंना फोन करून हो म्हटलं.

कमिटीची बैठक झाली तेव्हा बाईंनी पट्टीचा नमुना नेला होता. मीही गेलो, मागे खुर्चीवर बसलो. मोठे डॉक्टर परगावी होते, त्यांनी फोनवर संमती कळवली होती. इंजिनियरने ड्रॉइंग बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "दिवा लावणारच आहोत तर वरती भोक कशाला?"

बाईंनी समजावलं. त्यांनी खूप समजावलं. इंजिनियर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाई, झरोका म्हणजे गळती. आज नाही तर दोन वर्षांनी. शवागाराच्या शेजारी ओल चालणार आहे का?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. झरोका गेला. झरोका नाही तर छत तिरकं कशाला, म्हणून छत सपाट झालं. भिंतीचा राखाडी हात धुता येणार नाही म्हणून छातीपर्यंत टाइल्स आल्या. बाक राहिलं, पण स्टीलचं. सगळ्यांचंच म्हणणं बरोबर होतं, एकेक करून बघितलं तर. मेव्हण्याने करायची चौकटच उरली नाही.

मग कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "आणि खोलीला यांच्या पत्नीचं नाव द्यावं, असा ठराव मी मांडतो." तो एकमताने पास झाला. सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, म्हणून मी उठून हात जोडले.

जिन्यात बाई थांबल्या. "मला माफ करा," म्हणाल्या.

मी म्हटलं, "निदान पाटी नको. तेवढं सांगा त्यांना."

त्यांनी तिथल्या तिथे वर जाऊन सांगितलं. इंजिनियर त्यांच्याबरोबर खाली आला, माझा हात हातात घेतला. "अहो, असं कसं? ठराव झालाय. आणि आता नाव काढलं तर किती वाईट दिसेल! तुम्ही लाजू नका."

उन्हाळ्यात खोली झाली. उद्घाटन वगैरे काही नव्हतं, अशा खोलीचं काय करणार. मेव्हणा बघायला गेलाच नाही. फोनवर म्हणाला, "भाऊजी, तुम्ही नाही म्हणायला हवं होतं." मी म्हटलं, "तूच तर म्हणालास." तो म्हणाला, "मी काय, मी बोलतोच." त्यानंतर आमचं बोलणं कमी झालं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी गेलो. दाराशेजारी पितळेची पाटी, तिच्यावर तिचं पूर्ण नाव, माझ्या नावासकट. आत सपाट छत, पांढऱ्या टाइल्स, मागच्या भिंतीला बाक. डाव्या कोपऱ्यात, बाकाच्या बैठकीपासून वर, खाचेतली पट्टी. सौम्य नव्हतीच. टाइल्सवरून तिची धार सगळीकडे पसरली होती. तिच्या शेवटच्या खोक्यात मी जे बघितलं होतं त्याचं काही तिथे नव्हतं आणि तिला जे हवं होतं त्याचंही नव्हतं.

बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि एक बाई बसल्या होत्या. सून असावी, ती त्यांना बाबा म्हणत होती. कोपऱ्याकडची जागा रिकामी होती. म्हाताऱ्यांनी हात कपाळावर आडवा धरला होता. मला आधी वाटलं रडतायत.

"दादा," ती बाई मला म्हणाली, "हा दिवा बंद करता येतो का हो? बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. सारखा डोळ्यात जातोय."

मी बटण शोधलं. आत नव्हतं, बाहेर नव्हतं. बोळाच्या टोकाला सुरक्षारक्षक होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "तो वेगळा नाही बंद होत. धुण्याच्या विभागाच्या लाइनवर आहे. तो घालवला तर त्यांच्या मशिनी थांबतील."

परत आलो. ती माझ्याकडेच बघत होती. मी नकारार्थी मान हलवली. म्हातारे म्हणाले, "राहू दे गं. थोडा वेळच तर आहे." पण हात काढला नाही.

मी बाकाच्या टोकाला गेलो आणि त्या कोपऱ्यात बसलो, खांदा मागच्या भिंतीला आणि पाठ डाव्या भिंतीला लावून. पट्टी पाठीआड गेली. खोलीत जरा काळोख झाला. म्हाताऱ्यांनी कपाळावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"तुमचं कोण आहे आत?" तिने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं.

तिला ते कळलं नसावं, पण पुढे तिने विचारलं नाही. भिंत गार होती. शर्टातून पाठीला लागत होती. थोड्या वेळाने त्या दोघांना आत बोलावलं. मी उठणार, तेवढ्यात दुसरे लोक आले, म्हणून तसाच बसून राहिलो.